‘आवाजाची सवय झालीय’ असं आपण म्हणतो, पण झोपेतल्या शरीराला ती खरंच होते का?

रेल्वे रुळाच्या कडेला, हायवेलगत किंवा विमानतळाजवळ राहणाऱ्या कुणालाही विचारा, रात्री झोप लागते का? उत्तर साधारण ठरलेलं असतं. “सवय झालीय. शिवाय दिवसभर एवढं दमायला होतं, की पाठ टेकली की डोळा लागतो.”

या उत्तरात दोन दावे आहेत. एक, आवाजाची सवय होते. दोन, दमलेल्या माणसाला आवाजाचा त्रास होत नाही. दोन्हींवर संशोधन झालंय आणि दोन्ही दावे अर्धेच खरे आहेत.

झोपेत कान बंद होतात का?

नाही. डोळ्यांना पापण्या असतात, कानांना नाही. झोपेतही आवाज आत जातच असतो. मेंदूतला थॅलॅमस नावाचा भाग त्यातला बराचसा आवाज वाटेतच अडवतो. पण सगळाच नाही. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपलेल्या लोकांना वेगवेगळी नावं ऐकवण्यात आली. स्वतःचं नाव आलं की त्यांच्या मेंदूच्या लहरींमध्ये जास्त ठळक बदल दिसायचा. म्हणजे झोपेतही मेंदू कामाचा आवाज कोणता, हे निवडत असतो.

अडवण्याची ही ताकद सगळ्यांची सारखी नसते. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी १२ जणांना प्रयोगशाळेत तीन रात्री झोपवलं. पहिली रात्र शांत होती. पुढच्या दोन रात्री फोनची रिंग, वाहनं असे आवाज ऐकवले. ज्यांच्या मेंदूत ‘स्लीप स्पिंडल’ नावाच्या लहरी जास्त तयार होत होत्या, त्यांची झोप आवाजाने सहज मोडली नाही.

मग सवय होते म्हणजे नक्की काय होतं?

जाग येण्याचं प्रमाण कमी होतं, एवढंच. हृदय आणि रक्तवाहिन्या मात्र आवाजाची दखल घेतच राहतात.

२००८ मध्ये युरोपातल्या चार मोठ्या विमानतळांजवळ राहणाऱ्या १४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रात्रभर त्यांचं ब्लड प्रेशर मोजलं आणि बेडरूममधला आवाजही रेकॉर्ड केला. विमान गेलं की झोपलेल्या माणसाचं वरचं बीपी सरासरी ६.२ अंकांनी वाढत होतं. तेही जाग न येता. वाहनांच्या आवाजाने, इतकंच काय, शेजारी झोपलेल्या जोडीदाराच्या घोरण्यानेही बीपी वाढताना दिसलं.

२०१३ मध्ये जर्मनीतल्या माइन्झ शहरात ७५ निरोगी लोकांना रात्री विमानांचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला गेला. सकाळी तपासलं तर रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटलेली होती आणि अॅड्रेनालिन वाढलेलं होतं.

आणि दमलेल्या माणसाचं काय?

जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते जितकं जास्त, तितका झोपेचा दाब जास्त. म्हणून जागरण झालेल्या माणसाला गाढ झोप लागते आणि त्याला उठवायला मोठा आवाज लागतो. दाव्याचा एवढा भाग खरा आहे.

पण रोजच झोप अपुरी राहिली तर? २००३ मध्ये पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सलग १४ दिवस रात्री फक्त ६ तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि स्मरणशक्ती दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी ढासळू शकते, असं दिसलं. खरी गंमत पुढे आहे. कामगिरी रोज घसरत होती, पण आपल्याला फारशी झोप येत नाहीये, असंच त्यांना वाटत होतं. म्हणजे ‘मला काही होत नाही’ हे सांगणारा मेंदूच थकलेला असतो. बाइक चालवणाऱ्या किंवा मशीनवर काम करणाऱ्या माणसासाठी हे धोक्याचं आहे.

किती आवाज चालतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार रात्री घराबाहेर रस्त्यावरच्या वाहतुकीचा आवाज ४५ आणि विमानांचा ४० डेसिबलपेक्षा कमी असावा. या शिफारशी युरोपसाठी आहेत. भारतात २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. डेसिबलचं गणित साधं नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता १० पट होते.

याच नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. इतर दिवशी पोलिसांकडे तक्रार करता येते.

घरातही थोडं करता येतं. पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून हलवायचा, शक्य असेल तर मागच्या खोलीत झोपायचं, इअरप्लग वापरून बघायचे. आणि रात्रभर झोपूनही सकाळी अंग जड वाटत असेल, दुपारी डुलक्या येत असतील, तर ‘सवय झालीय’ म्हणून सोडून देण्याऐवजी डॉक्टरांशी बोललेलं बरं.