आवाजातली खोट

ॲम्प्लिफायरला आपण मराठीत 'ध्वनिवर्धक' म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण मांडववाल्याला तो सांगून पाहा, तो तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. त्याला 'ॲम्प्ली' म्हटले की पुरे. मी मराठीचा प्राध्यापक; शब्दाशी झटापट केल्याविना मला चैन पडत नाही. मला विचाराल तर या यंत्राला शोभणारा शब्द आपल्या पंगतीत आहे : वाढपी. आचाऱ्याने रांधलेले शेवटच्या पानापर्यंत नीट पोचवणे हे वाढप्याचे काम. मठ्ठा पुरेसा आंबट नाही म्हणून त्याने वाटेत पदरचे लिंबू पिळायचे नसते. ध्वनिवर्धकाचा धर्मही हाच. गायकाने दिलेला सूर मोठा करून मागच्या रांगेपर्यंत न्यायचा आणि त्यात आपले काही मिसळायचे नाही.

ऐकायला किती सोपे! पण या एवढ्याशा गोष्टीसाठी माणसे शंभर वर्षे झटत आली आहेत.

ध्वनिवर्धकाच्या दोन खोटी आपणां सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पहिली ती 'घूं'. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तने घेते. यंत्राला हवी असते एका दिशेने वाहणारी वीज. ते रूपांतर करताना गाळणे नीट झाले नाही, की उरलेला गाळ घुमू लागतो. दुसरी खोट म्हणजे शीळ. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून बाहेर येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. आणि स्वतःचीच स्तुती ऐकून फुगणाऱ्या माणसासारखे यंत्र किंचाळू लागते. या दोन्ही खोटी निदान प्रामाणिक म्हणायच्या. त्या लपत नाहीत. सारा मांडव कानांवर हात ठेवतो आणि कुणीतरी उठून तारा हलवतो.

तिसरी खोट मात्र मुखदुर्बळ. ती ओरडत नाही. सुराच्या कडा ती अशा खरवडते, की ऐकणाऱ्याला बिघाड कळत नाही, नुसता कंटाळा येतो. हिच्याशी पहिला मोठा सामना झाला तो दूरध्वनीच्या तारांवर. हजारो मैल जाणारे बोलणे वाटेत ठिकठिकाणी मोठे करावे लागे. प्रत्येक टप्प्यावरचा वाढपी आपली चिमूट घाली आणि पलीकडे पोचेपर्यंत मूळ चव नाहीशी होई.

अंबरनाथ-बदलापूरची हजारो माणसे रोज सकाळी लोकल पकडून मुंबई गाठतात. न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला कामावर जाणाऱ्यांपैकी अनेकांची लोकल तेव्हा म्हणजे हडसन नदीवरची बोट. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी त्या बोटीत बेल प्रयोगशाळेचा हॅरोल्ड ब्लॅक नावाचा २९ वर्षांचा इंजिनिअर उभा होता. हाच प्रश्न कित्येक वर्षे त्याच्या डोक्यात घोळत होता. उत्तर सुचले तेव्हा हाती होते ते वर्तमानपत्र. त्याने त्याच्याच पानावर आकृती काढली.

कल्पना अशी : यंत्रातून जे बाहेर पडते त्याचा छोटासा अंश उलटा करून परत आत आणायचा आणि मुळाशी ताडून पाहायचा. जो फरक दिसेल ती यंत्राने पदरची घातलेली भर. तेवढी वजा होईल अशी व्यवस्था करायची. मोबदल्यात आवाजाची वाढ कमी पडते. ती किंमत मोजायची. गंमत पाहा, शिळेतही आवाज वळसा घेऊन परत येतो आणि इथेही येतो. पण तिथे यंत्र स्वतःची स्तुती ऐकते, इथे स्वतःची निंदा. निंदकाने शेजारीच राहावे असे आपल्याकडे म्हणतात. ब्लॅकने त्याला घरातच आणून बसवले! लोकांना हे पटायला वेळ लागला. १९२८ साली केलेल्या अर्जावर पेटंट मिळाले ते १९३७ साली.

पुढे १९४७ च्या डिसेंबरात त्याच बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. तापणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हची जागा कालांतराने या चिमुकल्याने घेतली आणि तिसरी खोट नव्या वेषात परत आली. तिचे कारण पालखीवरून समजेल. आवाजाची लाट वर जाते, खाली येते. बहुतेक ध्वनिवर्धकांत वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो आणि खालचा अर्धा दुसरा. भोयांनी खांदा बदलताना पहिला सुटला आणि दुसरा अजून लागला नाही, की पालखीला हिसका बसतो. तसाच हिसका प्रत्येक लाटेला बसतो. मोठ्या आवाजात तो बुडून जातो. हळू आवाजाचा सारा प्रवासच त्या खांदेपालटाच्या जागी चालतो, म्हणून मार बसतो तो तंबोऱ्याच्या आसेला आणि कुजबुजत्या शब्दाला. उपाय म्हणून दोघांनाही थोडा वेळ एकदम खांदा द्यायला लावतात. त्यासाठी थोडा प्रवाह सतत वाहता ठेवावा लागतो आणि तो बेताचा राखायला एक बारीकसा स्क्रू असतो. प्रवाह कमी झाला तर हिसका बसतो. जास्त झाला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी प्रवाह ओढतो आणि शेवटी जळतो.

हा स्क्रू माझ्या परिचयाचा होण्याचे कारण आमच्या महाविद्यालयाचे सभागृह. तिथला संच आमच्याच भागातल्या एका छोट्या कारखानदाराने बनवलेला. दोन वर्षे उत्तम चालला. मग एखादी ओवी मी संथ स्वरात वाचू लागलो, की शब्दांना कुसळे फुटू लागली. मागच्या बाकांवरची मुले आधी पुढे वाकत, नंतर खिडकीबाहेर पाहत. तक्रार एकानेही केली नाही. आम्ही निरोप धाडला, तसे ते गृहस्थ स्वतः आले. मला वाटले, खोके उघडतील. पण ते म्हणाले, "सर, तुम्ही नेहमीसारखे शिकवा. मी मागे बसतो."

पूर्ण तासभर ते शेवटच्या बाकावर बसून होते. मध्येच हात वर करून म्हणाले, "सर, जरा आणखी हळू वाचा." मुले हसली. मी हळू वाचले. त्यांनी मान हलवली आणि तास संपल्यावर संच उचलून नेला.

आठ दिवसांनी तो परत आला. उष्णतेने त्या स्क्रूचा आतला स्पर्श सैल झाला होता, प्रवाह घटला होता. त्यांनी स्क्रूच काढून टाकला आणि त्याच्या जागी मोजूनमापून पक्का रोधक बसवला. उष्णता ओळखणारा भागही ट्रान्झिस्टरच्या पत्र्याला घट्ट भिडवला. मग त्यांनी खिशातून वही काढली. त्याच जातीचा स्क्रू घातलेले संच कुठे कुठे दिले, त्याची यादी तीत होती : शाळा, देवळे, मंगल कार्यालये.

"या सगळ्यांच्या तक्रारी आल्या?" मी विचारले.

"एकही नाही, सर."

"मग पदरमोड करून कशाला जाता?"

"तक्रार कोण करणार? ऐकणाऱ्याला वाटते, आपलेच कान गेले."

या धंद्यातली मेख त्यांनी एका वाक्यात सांगितली. खुर्चीचा पाय मोडला तर दोष खुर्चीचा. ध्वनिवर्धक बिघडला तर दोष जातो गायकाच्या गळ्यावर, वक्त्याच्या उच्चारांवर नाहीतर म्हाताऱ्याच्या कानांवर. म्हणून इथे तक्रारीची वाट पाहून भागत नाही. बनवणाऱ्यानेच शेवटच्या बाकावर जाऊन बसावे लागते.

त्याच स्क्रूवर सातासमुद्रांपलीकडे एका छोट्या कंपनीने मात केली, ती कथाही सांगण्याजोगी आहे. पीटर वॉकर यांनी १९३६ साली लंडनमध्ये ध्वनिवर्धकांचा लहानसा कारखाना काढला. युद्धात बाँबने जागा गेली, तेव्हा १९४१ साली तो हंटिंग्डन या गावी हलला. 'क्वाड' हे त्यांच्या संचांचे नाव. ट्रान्झिस्टरची लाट आली तेव्हा वॉकर घाईने तिच्यावर स्वार झाले नाहीत. त्यांचा घरगुती ट्रान्झिस्टर संच, '३०३', निघाला १९६७ साली. १९७५ साली मायकेल अल्बिन्सन यांच्यासह त्यांनी '४०५' काढला आणि त्यात तो स्क्रू ठेवलाच नाही. युक्ती अशी : जड ओझे दांडग्या ट्रान्झिस्टरांनी वाहायचे, पण त्यांच्या शेजारी एक लहान, अत्यंत काटेकोर ध्वनिवर्धक ठेवायचा. दांडग्यांकडून क्षणोक्षणी जे कमी पडेल ते या लहानग्याने भरून काढायचे. मग त्यांचा खांदा चुकला तरी पालखी हलत नाही. वॉकर यांनी आपली रीत 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात सर्वांपुढे मांडली आणि इंजिनिअरांत त्यावर कडाक्याचा वाद झडला. १९७८ साली तिला राणीचे पारितोषिक मिळाले. पण पारितोषिक मिळाले म्हणून काम थांबले नाही. काही ध्वनिक्षेपक जास्त प्रवाह मागत, तिथे '४०५' ची संरक्षक मर्यादा आड येई. ती सुधारून पुढे '४०५-२' निघाला.

हे वाचून कुणी म्हणेल, "ते साहेब लोक! आमच्याकडे काय?" आमच्या शेजारच्या उल्हासनगरची थट्टा सर्वांना ठाऊक आहे : तिथल्या मालावरच्या 'यूएसए' चा अर्थ म्हणे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन'! फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरलेल्या निर्वासितांनी शून्यातून हे गाव उभे केले, हे थट्टा करणारा विसरतो. आणि गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर 'शिकागो' ही अक्षरे दिसतात, ती 'शिकागो रेडिओ' कंपनी कुणाची? सिंधमधून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाची. माणसाने नाव शिकागोचे घ्यावे की अंबरनाथचे, हा त्याचा प्रश्न. खोट निघाल्यावर त्या नावाचा माणूस दारात उभा राहतो की नाही, यावर त्या नावाची किंमत ठरते.

आता तर ध्वनिवर्धक आपल्या खिशातल्या फोनमध्येही आहे, आणि ब्लॅकचा तो उलटा वळसा जगभरच्या यंत्रांत अहोरात्र फिरतो आहे. तेव्हा या दिवाळीत घरी नवा संच घेणार असाल तर एवढे करा. दुकानदार हौसेने आवाज वाढवून दाखवील. त्याला तो कमी करायला सांगा. तंबोऱ्यावर लावलेला एखादा संथ आलाप किंवा घरातल्या आजीच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावा आणि खोलीच्या पार टोकाला जाऊन उभे राहा. तिथेही शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला, तर पैसे मोजायला हरकत नाही.