साखळीला तेल कमीच बरे

सायकल कुरकुरू लागली की पहिला ठपका हलगर्जीपणावर येतो. माउंटन बाइकचे बरेचसे नुकसान मात्र हौशी मालकच करतो. तेल हवे तिथे तो तेलाची आंघोळ घालतो, हवा भरायची तर टायर दगड होईपर्यंत, धुवायचे तर थेट गाड्या धुण्याच्या पंपाखाली. जास्त म्हणजे चांगले, हा या साऱ्यामागचा समज, आणि यंत्राची रचना त्याच्या नेमकी विरुद्ध आहे.

साखळीचेच बघा. ती काळी कुळकुळीत आणि ओथंबलेली असली की सुखात आहे, असे मानले जाते. पण झीज होते ती आत, पिनेभोवती कडी फिरते तिथे. तेलाची गरज तिथेच. बाहेरच्या पट्ट्यांवरचे तेल काहीच काम करत नाही, फक्त धूळ पकडते. आणि सह्याद्रीतल्या वाटांवरची बारीक कच त्यात कालवली की साखळीच्या सांध्यांना काचकागद लावल्यासारखे होते. म्हणून प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकावा, पेडल उलटे फिरवून तो आत मुरू द्यावा आणि मग बाहेरचे सगळे फडक्याने पुसून काढावे, बोट जेमतेम ओशट होईल इतके. बहुतेक जण हे पुसणेच गाळतात. ‘साखळी ताणली गेली’ असे दुकानातही ऐकू येते. प्रत्यक्षात पोलाद ताणले जात नाही, प्रत्येक पिनेजवळची झीज साठून एकूण लांबी वाढते. ती घरच्या टेपनेही मोजता येते. लगतच्या दोन पिनांत अर्ध्या इंचाचे अंतर असते, म्हणजे 24 अंतरे मिळून बरोबर 12 इंच. तिथे एक सोळांश इंच जास्त भरले तर झीज अर्ध्या टक्क्याची झाली, आणि 11 किंवा 12 गिअरच्या सायकलला नवी साखळी घ्यायची वेळ आली. चालढकल केली तर मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, म्हणजे कॅसेटचे, दातही त्या झिजलेल्या साखळीसारखेच झिजतात, मग नवी साखळी त्यांच्यावरून उड्या मारते आणि साखळीच्या कित्येक पट महाग असलेली कॅसेटही बदलावी लागते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आजोबांची काळी सायकल गॅरेजमधल्या जळक्या ऑइलवर वर्षानुवर्षे चालली. चालली, यात शंका नाही. पण तिला एकच गिअर होता, साखळी जाड होती, सरळ रेषेत धावायची आणि बहुधा पत्र्याच्या चेनकव्हरमध्ये झाकलेली असायची. माउंटन बाइकची साखळी बारीक, उघडी, चिखलाच्या माऱ्यात तिरकी धावणारी. शिवाय जळक्या ऑइलमध्ये इंजिनातली काजळी आणि धातूचा कीस आधीपासूनच असतो. डब्ल्यूडी-40 या फवारायच्या द्रवाबद्दल मात्र दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. 1953 साली अमेरिकेत ते अ‍ॅटलस क्षेपणास्त्राला गंज लागू नये म्हणून बनले. ते साखळीचे विष नव्हे. मळ सोडवायला, पाणी हटवायला उत्तमच. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहणारा तेलाचा थर फार पातळ असतो. म्हणून ते फवारून पुसल्यावर वंगण वेगळे द्यावेच लागते.

हवेबाबतचा समज रस्त्यावरच्या सायकलीकडून आला आहे. गुळगुळीत डांबरावर टणक टायर खरोखर हलका पळतो. दगडगोट्यांवर मात्र तो प्रत्येक खड्यावरून उसळतो, आणि सायकलसकट स्वाराला वर उचलण्यात पायांची ताकद वाया जाते. किंचित मऊ टायर खड्यावर दबतो, जमीन धरून ठेवतो. टायरवर छापलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, शिफारशीचा नाही. मध्यम वजनाच्या स्वाराला सव्वादोन इंची टायरमध्ये 22 ते 30 पीएसआय बहुधा पुरते. पण इतक्या कमी हवेने पंक्चर होत नाही का? ट्यूब असेल तर होऊ शकते, कारण दगड आणि रिम यांच्यात ती चिमटते. तेव्हा ट्यूबवाल्याने वरच्या आकड्याकडे राहावे. ट्यूबलेसमध्ये चिमटायला ट्यूबच नसते, मात्र आतले भोके बुजवणारे सीलंट काही महिन्यांत वाळते आणि पुन्हा भरावे लागते, हे विकणारा सांगेलच असे नाही.

पाण्याचे थोडक्यात. हबच्या बेअरिंगवरची रबरी सीले शिंतोडे अडवतात, पंपाचा झोत नाही. शर्यतीतले संघ झोतानेच धुतात, हे खरे. पण त्यांच्या दिमतीला बेअरिंग उघडून ग्रीस भरणारा मेकॅनिक असतो. घरी बादली, ब्रश आणि भांड्यांचा साबण पुरे.

डिस्क ब्रेकच्या बाबतीत मात्र चूक महाग नव्हे, धोक्याची ठरते. ब्रेक किंचाळतो म्हणून चकतीवर तेल सोडले, तर पॅड ते शोषून घेतात आणि उतारावर सायकल थांबत नाही. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, आणि साखळीवर फवारा मारताना ती झाकावी. हायड्रॉलिक ब्रेकचे ऑइल भरायला स्कूटरच्या गॅरेजमध्ये जाणेही टाळावे. तिथे मिळते ते डॉट प्रकारचे ब्रेक फ्लुइड, तर शिमानो कंपनीचे ब्रेक मिनरल ऑइलवर चालतात. चुकीच्या द्रवाने आतली सीले फुगतात किंवा खराब होतात. कोणता द्रव घालायचा ते सहसा लिव्हरवर कोरलेले असते. बाटली उघडण्याआधी तेवढे वाचावे.