जुना कृष्णधवल टीव्ही पुन्हा सुरू करताना

माळ्यावरचा कृष्णधवल टीव्ही खाली उतरवला की लगेच प्लग लावून बघायचा मोह होतो. तो आवरावा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं; त्यानंतर घरोघरी आलेल्या या संचांमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आता बहुधा सुकलेले किंवा गळके असतात. थेट २३० व्होल्ट दिले तर ते फुटू शकतात आणि सोबत इतर भागही जळू शकतात.

आधी मऊ ब्रशने धूळ काढावी. मग एकेक कपॅसिटर बदलावा: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि अधिक-उणे टोकं नीट पाहून. त्यानंतर संच सिरीज बल्बमधून, म्हणजे वीज आधी एका बल्बमधून जाईल अशा रीतीने, जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे.

इथे सावधगिरीला पर्याय नाही. पिक्चर ट्यूबला दहा हजारांहून अधिक व्होल्ट लागतात आणि संच बंद केल्यावरही विद्युतभार तिच्यात टिकून राहतो. अनेक संचांत चॅसिस थेट मेन्सला जोडलेली असते. म्हणून पहिला संच जाणत्या मेकॅनिकच्या शेजारी बसूनच उघडावा.

दूरदर्शनचं ॲनालॉग प्रक्षेपण बहुतेक ठिकाणी बंद झालं आहे. त्यामुळे चित्रासाठी डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही यांच्यामध्ये आरएफ मॉड्युलेटर (प्लेअरचा सिग्नल टीव्हीच्या चॅनेलवर आणणारं उपकरण) लावावा लागतो. सरकती लाकडी दारं, चॅनेलचे खटके, कंपनीची धातूची पट्टी मात्र मूळचीच ठेवावी. कपॅसिटर बाजारात नवा मिळतो. ही दारं, खटके, पट्ट्या आता कुणी बनवत नाही.