कन्सोल जोडणीतील दोषशोधन

प्रस्तावना
२७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि १,०००हून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा आपत्तीत वीज खंडित होते. ती परत आल्यावर एखाद्या रुग्णालयातील वा कार्यालयातील राऊटर नीट सुरू झाला नाही, तर नेटवर्कमार्फत त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. तेव्हा आधार असतो तो कन्सोल पोर्टचा, म्हणजेच संगणक व उपकरण यांना थेट जोडणाऱ्या केबलचा. ही जोडणीही प्रतिसाद देत नसेल, तर दोष कसा शोधावा, हे आता पाहू. (भिजलेले उपकरण मात्र तज्ज्ञाने तपासल्याशिवाय विजेला जोडू नये.)

सिरियल संवादाचे स्वरूप
या जोडणीत अक्षराचे बिट एकामागून एक जातात. त्यांची गती सांगणारी स्वतंत्र तार नसते. म्हणून दोन्ही बाजूंची गती आधीच जुळलेली असावी लागते. अनेक उपकरणांत ती सेकंदाला ९६०० बिट असते, काहींत ११५२०० असते. सामान्यतः प्रत्येक अक्षराचे ८ बिट, आरंभाचा १ व समाप्तीचा १ असे १० बिट पाठवले जातात.

लक्षणांवरून निदान
१) पडदा कोरा राहणे : प्रथम एंटर कळ दाबावी, निष्क्रिय कन्सोल स्वतःहून काही दाखवत नाही. नंतर केबल तशाच आकाराच्या नेटवर्क पोर्टमध्ये तर नाही ना, संगणकाने यूएसबी अडॅप्टर ओळखला आहे का व निवडलेला पोर्ट क्रमांक बरोबर आहे का, हे पाहावे. सारख्या दिसणाऱ्या केबलींची अंतर्गत जोडणी भिन्न असू शकते.
२) अक्षरे विस्कटलेली दिसणे : बहुधा गती जुळलेली नसते. संकेत पोहोचत आहेत, हेही यातून कळते.
३) मजकूर दिसणे, परंतु टंकलेले न पोहोचणे : प्रवाह-नियंत्रण बंद करून पाहावे. तरीही फरक न पडल्यास पाठवणारी तार तुटल्याचा संशय घ्यावा.

दोष कोणत्या बाजूस?
उपकरणापासून केबल सोडवावी आणि अडॅप्टरच्या नऊ पिनी टोकाच्या २ व ३ क्रमांकाच्या पिना जोडाव्यात. टंकलेली अक्षरे पडद्यावर परतली, तर संगणक व अडॅप्टर ठीक आहेत. दोष पुढे, केबलमध्ये वा उपकरणात आहे. प्रत्येक वेळी एकच बदल करावा, अन्यथा दोष कशाने दूर झाला, हे समजत नाही.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
पडद्यावर विस्कटलेली अक्षरे दिसत असताना प्रथम केबल बदलणे योग्य ठरेल का? सकारण लिहा.