दारिद्र्याचे मोजमाप आणि रोजगाराची हमी

समाजशास्त्रीय संशोधनाचा पहिला लाभ म्हणजे समाजाचे दुखणे नेमके किती व कोठे आहे, हे त्यामुळे कळते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २,२५० उष्मांकांचा आहार परवडण्यासाठी दरडोई किती खर्च लागतो, हे त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकडेवारीवरून काढले. १९६०-६१ च्या किमतींनुसार तो खेड्यात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये होता. ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक एवढाही खर्च करू शकत नव्हते. ग्रामीण गरिबांना सार्वजनिक कामांवर रोजगार द्यावा, असा उपाय लेखकांनी सुचवला.

याच काळात विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७२ च्या दुष्काळात अशा सार्वजनिक कामांनी असंख्य कुटुंबांना आधार दिला. पुढे योजनेला कायद्याचे बळ मिळाले. संशोधकांनी मजुरी, स्त्रियांचा सहभाग आणि कामांची उपयुक्तता तपासत तिच्या जमेच्या व उणिवांच्या बाजू दाखवल्या. या अनुभवाचा उपयोग २००५ चा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा घडवताना झाला.