हुतूतूपासून कबड्डीपर्यंत : गावच्या मैदानाची कहाणी

खेळाचा इतिहास हा व्याख्यानमालेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणाच्याही मनात सहज येईल. राज्यांचा इतिहास असतो, संतांचा असतो, ग्रंथांचा असतो. पोरांनी मातीत खेळलेल्या हुतूतूचा कसला आला आहे इतिहास? पण या शंकेचे उत्तर शोधण्यास नांदगाव पेठेच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. नागपूर रस्त्याने अमरावतीस गेले, की तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात ते मिळते.

१९१४ साली वैद्य बंधूंनी या संस्थेचा पाया घातला. आरंभ आखाड्याचा होता. पुढे लाठी, मल्लखांब, लेझीम आणि सांघिक देशी खेळ यांचे पद्धतशीर शिक्षण तेथे मिळू लागले, आणि येथे तयार झालेले व्यायामशिक्षक गावोगावच्या शाळांत गेले. या शिक्षकांचे महत्त्व आम्हांला फार वाटते. पहिलवान स्वतःचे शरीर कमावतो. शिक्षक मात्र पन्नास मुलांना एका रेषेवर उभे करून एकाच नियमाने खेळायला लावतो.

आणि नियम हीच तर मोठी अडचण होती. हा खेळ आपल्याकडे हुतूतू, बंगालमध्ये हाडुडू, तामिळ मुलखात चेडुगुडु. नावे निराळी तसे प्रकारही निराळे. 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो. 'गामिनी'त बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. 'अमर' प्रकारात कोणी बाहेर जातच नाही, केवळ गुण मोजले जातात. दोन गावांचे संघ समोरासमोर आले, की खेळापूर्वी वादच अधिक रंगावा अशी ही स्थिती होती. साताऱ्यास, पुण्यास डेक्कन जिमखान्यावर आणि बडोद्यास या शतकभरापूर्वीच्या काळात नियम बांधण्याचे प्रयत्न झाले. १९२३ साली बडोद्यास अखिल भारतीय सामनेही भरले. अखेरीस संजीवनी प्रकार स्वीकारला गेला, आणि तो योग्यच होता. बाद झालेल्या गड्याला परत येण्याची आशा राहते, म्हणून हरत आलेला संघही शेवटच्या चढाईपर्यंत झुंजतो आणि पाहणाराही जागचा हलत नाही.

१९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. कबड्डी तेथे पदकासाठी खेळली गेली, असा समज क्वचित आढळतो. तो बरोबर नाही. ते प्रदर्शन होते. तथापि वऱ्हाडातील एका आखाड्याने परदेशी प्रेक्षकांपुढे आपला खेळ मांडावा, ही गोष्ट प्रदर्शन असल्याने लहान ठरत नाही. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९५२ साली पुरुषांची व १९५५ साली स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचे स्थान मिळाले. राष्ट्रीय सामन्यांत विदर्भाचा संघ महाराष्ट्राहून स्वतंत्र उतरतो, हेही येथे लक्षात ठेवावे. आपल्या तालुक्यातील मुलाला वर जाण्याची वाट त्यामुळे जवळची आहे.

मग चिंता कशाची? ती समजण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेच्या दक्षिण भागात, जाऊ. तेथे बेसबॉलच्या मोठ्या संघांखाली लहान शहरांच्या संघांच्या साखळ्या असत. बर्मिंगहॅम शहरातील रिकवुड मैदान १९१० सालचे. पुढे रेडिओ व दूरचित्रवाणीवर मोठे सामने घरबसल्या मिळू लागले आणि गावच्या मैदानावरील गर्दी ओसरली. १९४९ मध्ये देशभर अशा ५९ साखळ्या होत्या. पुढील पंधरा वर्षांत त्यांपैकी बहुतेक बुडाल्या. दक्षिणेतील मुख्य साखळी १९६१ साली बंद पडली. तिला आणखी एक रोग होता. कृष्णवर्णीय खेळाडूंना तिने जवळजवळ अखेरपर्यंत दार बंद ठेवले. अट्लांटाच्या संघातून १९५४ साली एकच कृष्णवर्णीय खेळाडू उतरला आणि तोही दोनच सामने. त्याच रिकवुडवर १९४८ साली विली मेज हा पुढे जगप्रसिद्ध झालेला खेळाडू कृष्णवर्णीयांच्या निराळ्या संघातून खेळत होता! घरचे रत्न अंगणात असून त्या साखळीने ते पाहिले नाही.

या दोन्ही गोष्टी आपल्याला लागू आहेत. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. तिने खेळाला मान दिला, खेळाडूला पैसा दिला. त्याबद्दल आम्ही तिचे स्वागतच करतो. परंतु जो खेळ पडद्यावर दिसतो तो मॅटवर, बूट घालून खेळला जातो. गावचा मुलगा अनवाणी, मातीवर शिकतो. निवड चाचणीस गेला की पाय घसरतो, आणि दोष मुलाच्या अंगच्या गुणांना दिला जातो. शिवाय सारे गाव संध्याकाळी पडद्यासमोर बसले, तर कोपरा सांभाळणाऱ्या आपल्याच पोराची पकड पाहावयाला कोण राहणार? खेळाडूला पहिली शाबासकी गावच देते, ती मिळाली नाही तर तो पुढे जातच नाही.

दुसरी गोष्ट दाराची. मैदान एखाद्या वस्तीचे, एखाद्या जातीचे, किंवा केवळ मुलांचे झाले, की गावातील निम्मे बळ बाहेर राहते. स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून आहे. तरी किती गावांत संध्याकाळचा एक तास मुलींसाठी राखून ठेवलेला असतो, याचे उत्तर प्रत्येकाने स्वतःशीच द्यावे.

उपाय मोठे नाहीत. वऱ्हाडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर पडलेला गडी गुडघे फोडून घेतो. म्हणून चाळलेली माती आणि शेण मिसळून मैदान धोपटावे लागते, रोज पाणी मारावे लागते. पुरुषांचे मैदान लांबीला १३ आणि रुंदीला १० मीटर. इतकी जागा कोणत्याही गावात निघते. नियम जाणणारा एक पंच, रेषा आखण्यास चुना, आणि सावकाश का होईना, वर्गणीतून शाळेत एखादे मॅट, एवढे झाले तरी पुष्कळ. व्याख्यानमाला संपली की सुटीचे दिवस आहेत. ऊन उतरल्यावर घराबाहेर पडावे, मुले चढाई करीत असतील तेथे अर्धा तास उभे राहावे, आणि रेषा पुसली असेल तर ती पुन्हा आखण्यास हात लावावा.