सुट्टीत मोडी गिरवताना

यिदिश म्हणजे हिब्रू अक्षरांत लिहिलेली, मुळात जर्मन वळणाची बोली. न्यूयॉर्कच्या यिवो संस्थेत 1968 पासून तिचे उन्हाळी वर्ग भरतात. बेळगाव-निपाणी भागात तसं शिकण्याजोगं काही असेल, तर ती मोडी. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. इथल्या जुन्या जमीनजुमल्याचे कागद मोडीत सापडतात. याच लिपीत कानडीही लिहिली गेली, हे विसरू नये.

अक्षरं आठवड्याभरात हाताखाली येतात. आधी ओळभर शिरोरेषा, मग बोरू न उचलता खाली अक्षरांची साखळी. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही (शुद्धलेखनाला कंटाळलेल्यांची चैनच!), शब्दांत अंतरही नाही. घाम फुटतो तो वाचताना.

त्यात तारीख. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे अरबी आकडे, एकंपासून उलटे: दोन, सत्तर, शंभर, हजार. झालं सुहूर सन 1172. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इ.स. 1771-72. आजोबांचं खरेदीखत घेऊन बसलेल्याला मात्र एवढं कोडं पडत नाही. त्याची नजर आधी बांधाच्या चतुःसीमा शोधते.

2014 पासून मोडी युनिकोडमध्येही आहे.